लिंकपासून उंबरठ्यापर्यंत

(प्रस्तावना)

इंटरनेट आले की मधला माणूस जाईल, असे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी छातीठोकपणे सांगितले जात होते. कारखानदार थेट गिऱ्हाइकाला माल विकेल, दलाली वाचेल, वस्तू स्वस्त होतील. प्रत्यक्षात मधली माणसे वाढली. फक्त ती आता गादीवर बसलेली दिसत नाहीत. ती व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, इन्स्टाग्रामच्या रीलखाली, यूट्यूब व्हिडिओच्या वर्णनात आणि टेलिग्रामवरच्या ऑफरच्या चॅनेलवर असतात. त्यांनी दिलेल्या लिंकवर आपण बोट ठेवतो, वस्तू मागवतो आणि किमतीतला छोटासा हिस्सा त्यांच्या खात्यात जमा होतो. या धंद्याचे नाव ॲफिलिएट मार्केटिंग. हा धंदा आणि तो ज्या जमिनीवर उभा आहे ती आपल्याकडची ऑनलाइन खरेदी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या विषयावर पुस्तके कमी नाहीत. बहुतेक इंग्रजीत आहेत आणि अमेरिकेतला वाचक समोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यांच्या लेखी घराला क्रमांक असतो, रस्त्याला नाव असते, गिऱ्हाइकाच्या खिशात क्रेडिट कार्ड असते आणि घरी कुणी नसले तरी पार्सल दारात ठेवून जाता येते. मराठीत या विषयावर जे कानावर पडते ते बहुधा 'घरबसल्या कमवा' या सुरातले असते. दोन्हींत एक मोठा तुकडा गायब आहे. लिंक दाबल्यापासून वस्तू घरात येऊन टिकेपर्यंत काय घडते, हे कुणी सांगत नाही. माझे म्हणणे असे की आपल्यासारख्या बाजारात कमिशनचा निकाल लिंकवर लागत नाही, तो दारात लागतो. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याचा विस्तार आहेत.

आधी यंत्रणा समजून घेऊ. गाण्यांच्या सीडी विकणाऱ्या सीडीनाऊ या अमेरिकी कंपनीने 1994 साली दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी मोबदला द्यायला सुरुवात केली. ॲमेझॉनने जुलै 1996 मध्ये आपली 'असोसिएट्स' योजना काढली आणि ही पद्धत जगभर पसरली. प्रत्येक सभासदाच्या लिंकच्या शेवटी त्याची खूण चिकटवलेली असते. गिऱ्हाईक त्या लिंकवरून दुकानात शिरले की ती खूण त्याच्या फोनमध्ये ठराविक काळ राहते. ॲमेझॉनच्या बाबतीत हा काळ 24 तासांचा आहे. तेवढ्या वेळात त्याने काही घेतले तर कमिशन, नाही तर नाही. गिऱ्हाइकाने मधल्या वेळात दुसऱ्याच कुणाची लिंक दाबली, तर श्रेय शेवटच्याला मिळते. कमिशनचा दर वस्तूगणिक बदलतो. आणि सर्वांत महत्त्वाची अट सगळ्यात बारीक अक्षरांत असते: वस्तू परत गेली की कमिशनही परत गेले.

भारतात या पद्धतीला दुसरे एक रूप आले. 2015 साली विदित आत्रेय आणि संजीव बर्नवाल यांनी मीशो सुरू केली. तिचा सुरुवातीचा सगळा डोलारा 'रिसेलर'वर, म्हणजे मुख्यतः घरात बसून व्हॉट्सॲपवर कपडे-भांडी विकणाऱ्या बायकांवर उभा राहिला. रिसेलर ॲपमधले फोटो ग्रुपवर टाकते, किमतीत आपले मार्जिन मिळवते, ऑर्डर स्वतः नोंदवते आणि गिऱ्हाइकाचा पत्ता भरते. पार्सलवाला दारात मार्जिनसकट पैसे घेतो. तिचा वाटा नंतर तिच्या खात्यात येतो. फ्लिपकार्टने 2021 च्या जुलैमध्ये याच वाटेने 'शॉप्सी' काढले. ऑक्टोबर 2024 मध्ये यूट्यूबने फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांना बरोबर घेऊन व्हिडिओतच वस्तू टॅग करण्याची सोय भारतात आणली. लिंक देणारा आणि रिसेलर यांच्यात मोठा फरक आहे. पहिल्याला गिऱ्हाईक कोण हे कधीच कळत नाही. दुसरीच्या घरी गिऱ्हाईक हळदीकुंकवाला येते.

आपल्याकडे कमिशनवरचा व्यापार नवा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजार समितीतला अडत्या याच तत्त्वावर जगतो: माल त्याचा नाही, पैसा त्याचा नाही, सौदा मात्र त्याच्यामुळे होतो. पण त्याच्याकडे परवाना असतो, त्याचा गाळा कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असते, अडत किती आणि ती कुणी द्यायची याचे नियम असतात. महाराष्ट्र सरकारने 2016 साली फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा केवढा वाद झाला होता हे अनेकांना आठवत असेल. लिंक देणाऱ्याच्या बाबतीत असा वाद होत नाही, कारण त्याला काही मिळते हेच पुष्कळ गिऱ्हाइकांना माहीत नसते. शिफारस आणि सौदा यांच्यातली रेघ पुसली गेली आहे, आणि ती पुन्हा कुठे ओढायची हा या पुस्तकातला वारंवार येणारा प्रश्न आहे.

आता मुकुंदवाडीबद्दल. हे पुस्तक मुंबईच्या किंवा बेंगळुरूच्या कार्यालयांतून बाजार पाहत नाही; ते छत्रपती संभाजीनगरच्या या एका भागातून पाहते. मुकुंदवाडी हे जालना रोडलगतचे एकेकाळचे गाव. शहर वाढत आले आणि गाव त्याच्या पोटात गेले. एका अंगाला सिडकोची आखीव सेक्टरे, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याची एमआयडीसी आणि विमानतळ, मधून मनमाडकडून येऊन जालन्याकडे जाणारा लोहमार्ग. जुने गावठाण, रामनगर, संजयनगर, जयभवानीनगर, अंबिकानगर अशा वस्त्या खेटून उभ्या आहेत. कंपनीतला कायम कामगार, कंत्राटावरचा पोरगा, गावाकडून शिकायला आलेली मुलगी, शिलाई मशीन चालवणारी बाई आणि बंगल्यातला निवृत्त अधिकारी यांचे पिनकोड फार लांबचे नसतात, पण त्यांची खरेदी वेगवेगळी असते.

'विकसनशील बाजारपेठ' हा अर्थशास्त्राच्या पुस्तकातला शब्दप्रयोग इथे डोळ्यांनी पाहता येतो. 2019 च्या दुष्काळात मुकुंदवाडी स्थानकावरून रेल्वेने तेव्हाच्या औरंगाबाद स्थानकापर्यंत जाऊन पाण्याची भांडी भरून आणणाऱ्या मुलांची छायाचित्रे जगभर छापून आली. त्या वर्षीही इथे फोन होते, डेटा होता आणि पार्सले येत होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि डेटा चहाच्या भावात मिळू लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआयची घोषणा झाली, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली. सोयी इथे पाठ्यपुस्तकातल्या क्रमाने आल्या नाहीत. नळाआधी नेटवर्क आले, पक्क्या पत्त्याआधी ॲप आले. ऑनलाइन खरेदीच्या पुष्कळ अडचणी या उलट्या क्रमातून निघतात.

तरी दूरच्या दुकानातून वस्तू मागवणे आपल्याला अपरिचित नव्हते. टपाल खात्याने व्ही.पी.पी. 1877 मध्ये सुरू केली आणि मनीऑर्डर 1880 मध्ये. मासिकांतल्या आणि पंचांगांतल्या जाहिराती वाचून लोक पुस्तके, घड्याळे, औषधे मागवत आणि पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवून पार्सल सोडवत. गिऱ्हाइकाने पार्सल सोडवलेच नाही, तर ते परत जाई आणि दोन्ही बाजूंचा टपालखर्च विक्रेत्याच्या बोकांडी बसे. ऑक्टोबर 2007 मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या फ्लिपकार्टने 2010 साली 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली, तेव्हा सव्वाशे वर्षांचा हा जुनाच व्यवहार नव्या कपड्यांत परतला. न पाहिलेल्या दुकानदाराला आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, ही सावधगिरी आपल्या लोकांनी अनुभवातून कमावली आहे; तिला मागासलेपण समजणाऱ्या कंपन्यांना बाजार मिळाला नाही.

पत्त्याचा प्रश्न त्याहून चिवट आहे. पिनकोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे पंडित आणि केंद्रीय संचार मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी. सारख्या नावांची गावे, वेगवेगळ्या लिप्या आणि अर्धवट पत्ते यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी आखलेली सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी लागू झाली. ती पत्राला योग्य टपाल कचेरीपर्यंत नेते. पुढचे काम पोस्टमनच्या डोक्यातल्या नकाशाचे. ऑनलाइन दुकानांनी पिनकोड घेतला, पण तो नकाशा त्यांना मिळाला नाही. त्यांचा पार्सलवाला आज आहे, उद्या दुसऱ्या कंपनीत आहे.

सिडकोत 'एन-2' म्हटले की निदान दिशा कळते. गुंठेवारीच्या वस्त्यांत तीही सोय नाही. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून, मंजूर आराखड्याशिवाय उभी राहिलेली ही घरे. त्यांना नियमित करण्यासाठी राज्याला 2001 मध्ये कायदा करावा लागला आणि 2021 मध्ये त्याची मुदत पुढे न्यावी लागली. इथला पत्ता गट क्रमांक, प्लॉट क्रमांक आणि एक खूण यांवर चालतो: अमुक मंदिरामागे, तमुक किराणासमोर, गिरणीच्या गल्लीत. जून 2025 मध्ये महापालिकेने मुकुंदवाडीत जालना रोडच्या कडेची बांधकामे पाडली. त्यात दुकाने गेली, आणि त्या दुकानांच्या खुणेवर लिहिलेले पत्तेही गेले. त्याआधी फेब्रुवारी 2023 मध्ये औरंगाबादच्या छत्रपती संभाजीनगर या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली. काही ॲपमध्ये जुने नाव, काहींत नवे, आणि एकाच घराच्या दोन पार्सलांवर दोन शहरे. टपाल खात्याने 2025 मध्ये 'डिजिपिन' आणला आहे. देशाच्या जमिनीचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली आहे. ही पद्धत रुजली तर गुंठेवारीतल्या घरालाही स्वतःची ओळख मिळेल. तोवर 'भैया, कहाँ पे है?' हा फोन हीच आपली खरी पत्ता-व्यवस्था आहे.

हा फोन उचलला जातो की नाही, यावर लिंक देणाऱ्याची कमाई टांगलेली असते. दिवसपाळीचा कामगार पार्सल येते तेव्हा कंपनीत असतो आणि गेटच्या आत फोन नेता येत नाही. घरी आई असते, तिच्याकडे रोख नसते; ओटीपी मुलाच्या फोनवर जातो. पार्सलवाला पुन्हा येतो, मग पार्सल हबला परत जाते. तिथल्या भाषेत ते 'आरटीओ' झाले, म्हणजे निघाले तिथे परत चालले. कधी गिऱ्हाइकाचे मन बदललेले असते, कधी आठवडी बाजारात तीच वस्तू स्वस्त दिसलेली असते, कधी पगार लांबलेला असतो. ऑर्डर नोंदवताना पैसे द्यावे लागले नाहीत, तर नाही म्हणतानाही काही लागत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, 500 रुपयांच्या वस्तूवर 4 टक्के कमिशन आहे. म्हणजे एका ऑर्डरमागे 20 रुपये. महिन्याला 50 ऑर्डरी आल्या तर 1,000 रुपये दिसतात. त्यांतल्या 15 दारातून किंवा दोन दिवसांनी परत गेल्या, की उरले 700. तेवढ्यासाठी त्या माणसाने रोज ग्रुपवर ऑफरी टाकल्या, प्रश्नांना उत्तरे दिली, फोनचा रिचार्ज भरला. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेबाची जात खरी आहे. लिंकवर बोट ठेवणाऱ्यांची संख्या वाढवण्यापेक्षा परत जाणारी पार्सले कमी करणे हे इथे अधिक किफायतशीर काम आहे. हे बाहेरून आलेली पुस्तके सांगत नाहीत, कारण त्यांच्या बाजारात दारातला नकार हा एवढा मोठा आकडा नसतो.

जगातल्या इतर देशांनी अविश्वासाच्या या भिंतीला वेगवेगळ्या ठिकाणी दार पाडले. चीनमध्ये ताओबाओ या ऑनलाइन बाजाराने अलीपेची पद्धत आणली: गिऱ्हाइकाचे पैसे मध्यस्थाकडे राहतात, वस्तू हाती आल्यावरच विक्रेत्याला मिळतात. केनियात 2007 साली एम-पेसा आले आणि बँकेचे खाते नसलेल्यांनाही फोनवरून पैसे पाठवता येऊ लागले. 2012 मध्ये नायजेरियात लागोस इथे सुरू झालेल्या जुमिया या ऑनलाइन दुकानाने 'जे-फोर्स' नावाचे एजंट नेमले. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही किंवा ज्यांचा त्यावर भरवसा नाही त्यांच्यासाठी हे एजंट ऑर्डर नोंदवतात आणि कमिशन घेतात. जुमियाची गाडीही सरळ चालली नाही. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी झाली, त्याच वर्षी कॅमेरून आणि टांझानियातले दुकान बंद झाले. तरी जे-फोर्सचा एजंट आणि मुकुंदवाडीतली रिसेलर ही एकाच गरजेतून जन्मलेली माणसे आहेत. दोघेही कंपनीच्या वतीने आपल्या नावावर विश्वास उधार देतात.

रिसेलर काय करते हे नीट पाहिले की लक्षात येते की ती लिंक विकतच नाही. भिशीतल्या बाईला कोणता रंग चालेल, कुणाला मोठ्या मापाचा कुर्ता लागतो, कुणाचा पगार सात तारखेला होतो, हे तिला माहीत असते. पार्सल येणार त्या दिवशी ती आधी फोन करून ठेवते. वस्तू खराब निघाली तर बोलणी तिलाच खावी लागतात, म्हणून ती खराब विक्रेत्याचा माल पुन्हा दाखवत नाही. कंपन्यांना जे काम यंत्राकडून करून घ्यायला मोठा खर्च येतो, ते ती मार्जिनच्या थोड्या रुपयांत करते. या कामाचे मोल काय, हा प्रश्न धंद्याचा आहे तसाच न्यायाचाही आहे. मीशोसारख्या कंपन्या मोठ्या झाल्या तसे गिऱ्हाईक थेट ॲपवर जाऊ लागले आणि वाट दाखवणारीची गरज कमी होत गेली, हेही इथे नोंदवले पाहिजे. ज्याने बाजार घडवला त्याला बाजारात जागा उरतेच असे नाही.

दाराशी जे परत जाते त्यातले पुष्कळ मालामुळे जाते. आपल्याजवळचेच उदाहरण पैठणीचे. 'पैठणी' म्हणून ऑनलाइन दिसणाऱ्या असंख्य साड्या यंत्रमागावर विणलेल्या, कृत्रिम धाग्याच्या असतात. हातमागावरच्या अस्सल पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, शुद्ध रेशमाची ओळख पटवायला 'सिल्क मार्क' आहे. पण चार इंचांच्या पडद्यावर मोराचा पदर सारखाच चमकतो. काही हजारांत विकत घेतलेली 'पैठणी' घडी उलगडताच परत पाठवली जाते. ज्याने ती लिंक 'ओरिजिनल आहे, घ्या' म्हणून पाठवली, त्याचे कमिशन तर जातेच, शेजारधर्मही जातो. म्हणून स्वतः हाताळून न पाहिलेल्या वस्तूबद्दल काय बोलावे आणि काय बोलू नये, यावर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. विकत घेतलेल्या खोट्या अभिप्रायांचा विषयही तिथेच येतो. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000:2022 हे मानक प्रसिद्ध केले आहे. ते ऐच्छिक असले, तरी खरा अभिप्राय कसा गोळा करावा आणि कसा तपासावा याची रीत त्यात सापडते.

भाषेचा अडसर तर आपल्या डोळ्यांसमोर हलला. ॲमेझॉनचे ॲप 2018 पासून हिंदीत होते, मराठीत नव्हते. 2020 च्या शेवटी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने 'नो मराठी, नो ॲमेझॉन' अशी मोहीम काढली, पुण्या-मुंबईत तोडफोडही झाली. तोडफोडीचे समर्थन होऊ शकत नाही. पण 2021 मध्ये फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन दोघांनीही मराठी आणली आणि मागणी खरी होती हे दिसले. तरीही ॲपमधल्या मराठीत बटणे आणि मथळे असतात. वस्तूचे वर्णन, परतीच्या अटी आणि हमीचा कागद बहुधा इंग्रजीत किंवा यंत्राने केलेल्या विचित्र मराठीत राहतो. इथे मराठीत बोलणाऱ्या, वस्तू हातात घेऊन दाखवणाऱ्या ॲफिलिएटला खरी जागा आहे. परतीची अट जो साध्या मराठीत समजावून सांगतो, त्याच्या गिऱ्हाइकाची फसगत कमी होते.

या जागेबरोबर जबाबदारीही येते, आणि आता ती कायद्यात लिहिलेली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. विक्रेत्याचे नाव-पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचे नाव, मालाचा मूळ देश हे दाखवणे त्यांनी बंधनकारक केले. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात. जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जून 2022 मध्ये आली आणि समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी जानेवारी 2023 मध्ये स्वतंत्र सूचना निघाल्या: पैसे, कमिशन, फुकट वस्तू, काहीही मिळत असेल तर ते स्पष्ट सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख, पुन्हा केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिडिओ मराठीत असेल तर खुलासाही मराठीत हवा. शेवटी हॅशटॅगांच्या गर्दीत इंग्रजीतून दडवलेला खुलासा हा खुलासाच नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये 13 'डार्क पॅटर्न' निषिद्ध ठरवले गेले. 'फक्त 2 उरले' अशी खोटी घाई, पैसे भरताना हळूच वाढणारी रक्कम, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू हे सगळे त्यात येते. रोखीने पैसे देणाऱ्यांकडून ॲप जादा आकार घेतात, त्याची चौकशीही केंद्राने ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू केली.

गिऱ्हाइकासाठी या कायद्यातली सर्वांत मोलाची तरतूद फारशी कुणाला ठाऊक नाही. विक्रेता सुरतेत असो की गुरुग्राममध्ये, तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ग्राहक चळवळ महाराष्ट्राला शिकवावी लागत नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीची पायाभरणी केली, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि गल्लीगल्लीतल्या कुटुंबांनी एकत्र येऊन घाऊक किराणा घ्यायला सुरुवात केली. केंद्राचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर दशकाहून अधिक काळाने, 1986 मध्ये आला. त्या कुटुंबांनी मधल्या माणसाला हाकलले नव्हते. ते काम आपल्यातल्याच कुणाकडे, हिशेब उघडा ठेवून दिले होते. ऑनलाइन बाजाराने त्यांच्याकडून हे शिकायला हवे.

एका धोक्याबद्दल इथेच स्पष्ट बोलतो, कारण तरुण वाचक हे पुस्तक बहुधा त्याच वाटेने हाती घेईल. 'ॲफिलिएट मार्केटिंग शिकवतो' म्हणून काही हजारांचा कोर्स विकला जातो. कोर्स घेतल्यावर कळते की विकायची वस्तू म्हणजे तोच कोर्स, आणि कमाई म्हणजे पुढच्याला तो घ्यायला लावणे. कसोटी सोपी आहे. साखळीच्या बाहेरच्या, वस्तू वापरायची असलेल्या गिऱ्हाइकाकडून पैसा येत असेल तर तो धंदा. आत येणाऱ्यांच्या प्रवेशशुल्कातून येत असेल तर ती साखळी. अशा योजनांवर 1978 सालापासून कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनीही पिरॅमिड पद्धत नाकारली आहे. व्हिडिओला लाइक करा, पैसे मिळवा, आणि मग मोठे 'टास्क' मिळवायला आधी पैसे भरा, ही तर सरळ लूट. खरी ॲफिलिएट योजना सभासद होण्यासाठी एक रुपयाही मागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

पुस्तकाची मांडणी लिंकच्या प्रवासाच्या क्रमाने केली आहे. पहिल्या भागात लिंक, खूण, कमिशन आणि त्यांचे नियम आहेत. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी का चालत नाही, पॅन आणि टीडीएस कुठे येतात, जीएसटीची नोंदणी केव्हा लागते, हे तिथे सापडेल. दुसरा भाग पत्ता, पैसे, परती आणि हब यांचा आहे. सर्वांत लांब भाग हाच आहे, आणि तो मुद्दाम लांब ठेवला आहे. तिसऱ्या भागात माल, भाषा आणि खुलासा. चौथा भाग गिऱ्हाइकासाठी आहे. विकणाऱ्यानेही तो वाचावा, कारण गिऱ्हाइकाचे हक्क ज्याला ठाऊक नाहीत त्याने कुणाला शिफारस करू नये.

या लेखनाला ज्यांनी हात दिला ते लोक बहुधा पुस्तकांच्या ऋणनिर्देशात येत नाहीत: पाठीवर पोते घेऊन चढ-उतार करणारी पार्सलची मुले, दुपारची भांडी आवरून ऑर्डरी नोंदवणाऱ्या बायका, आणि ऑनलाइनने गिऱ्हाईक पळवले अशी तक्रार करत करत आपल्याच काउंटरवर शेजाऱ्यांची पार्सले सांभाळणारे दुकानदार. त्यांच्यातल्या कुणालाही 'ॲफिलिएट' हा शब्द लागत नाही. तरी हा धंदा कसा चालतो हे मला त्यांच्याकडून कळले.

हे पुस्तक वाचून कुणी श्रीमंत होईल असे वचन मी देत नाही. एवढे मात्र व्हावे: लिंक पाठवण्याआधी वाचकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. वस्तू मी पाहिली आहे का? मला यातून काय मिळते हे मी सांगितले आहे का? ही ज्या दारात जाणार आहे तिथे ती पोचेल का? आणि बिघडली तर फोन मी उचलीन का? चारही उत्तरे 'हो' असतील तर लिंक पाठवावी आणि मिळालेले कमिशन ताठ मानेने घ्यावे.

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर